काकूंच्याच शिफ्टला

पिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेवलेला फोन थरथरला आणि सगळं स्वयंपाकघर खडखडलं.

मी धावले. आमच्या घरात फोनला धड रेंज मिळते ती एकाच जागी, कोपऱ्यातल्या त्या डब्यावर. एरवी खाली फडकं ठेवते, आज विसरले. आतल्या खोलीत भुंगी कूस बदलून "हं" म्हणाली. मी श्वास धरून उभी राहिले. पुन्हा काही आवाज आला नाही.

भुंगी माझी लेक. चार वर्षांची आहे आणि तोंडाची भुणभुण सकाळी सुरू होते ती झोपेपर्यंत. दुपारी ती दीड-दोन तास झोपते. तेवढंच माझं ऑफिस. दवाखाने आणि लॅबमधले संगणक सांभाळणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी पूर्वी दिवसभर काम करायचे, आता घरून चार तास करते. कागदावर चार. त्यातले दोन भुंगीच्या झोपेतून चोरायचे आणि उरलेले दोन ती जागी असताना तिच्याकडून उसने घ्यायचे.

"सर्व्हर पडला गं," फोनवर काकू होत्या. आवाज एकदम खाली. "परत पडला. आत्ता, एक चाळीसला."

"कितवी वेळ काकू?"

"सातवी. वहीत लिहिलंय. आणि पोरी, या वेळी बाळ होतं गं."

मागे एक तान्हं मूल ओरडत होतं. त्या ओरडण्यात दम लागल्यासारखी मधेच एक पोकळी यायची. आईपण आलं की हे असं रडणं कानातून सरळ पोटात जातं.

काकू रक्त तपासायच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहेत. सव्वीस वर्षं झाली, निवृत्तीला दोन उरलीत. तिथले सगळे त्यांना टीपकागद म्हणतात, कारण कुठे थेंबभर काही सांडलं की काकू टिपायला हजर. त्यांनाही ते नाव माहीत आहे. "टीपकागद तर टीपकागद, तुमच्यासारखी पायपुसणी तर नाही ना," असं त्या एकदा तोंडावर म्हणाल्या होत्या म्हणे.

त्यांच्या लॅबमध्ये रक्त तपासणारं एक जुनं यंत्र आहे. ते निकाल काढतं आणि एका केबलीतून टेबलाखालच्या सर्व्हरला कळवतं. एकदाच कळवतं. त्या वेळी ऐकायला कोणी नसलं तर निकाल विसरून जातं. गेले तीन आठवडे सर्व्हर मधेच निळा पडदा दाखवून कोसळत होता आणि सात मिनिटांनी आपला आपण उठत होता. मोठ्या माणसाचं रक्त बाटलीत उरलेलं असतं, पुन्हा लावता येतं. आठ महिन्यांच्या बाळाचं किती काढणार? त्याचं उरत नाही. त्याला पुन्हा टोचावं लागतं.

आणि सर्व्हर दर वेळी काकूंच्याच शिफ्टला पडत होता. सकाळच्या शिफ्टला नाही, संध्याकाळच्या नाही. बारा ते सहा, काकू.

"साहेब येऊन गेले," काकू म्हणाल्या. लॅबचा व्यवस्थापक म्हणजे साहेब. "म्हणाले, पाच वाजता केबिनमध्ये या, पत्र तयार करतोय. उद्यापासून मी बाहेरच्या खिडकीत. नावं लिहून घ्यायची, नंबर द्यायचे."

"खिडकीत? तुम्ही?"

"अगं, खिडकीचं काही नाही," त्या म्हणाल्या. "काम ते काम. पण सव्वीस वर्षांनी मला यंत्र हाताळता येत नाही म्हणून काढलं, असं लिहिणार ते. तुमच्याच कंपनीचा अहवाल आहे म्हणे."

होता. तो अहवाल मीच लिहिला होता.

दुसऱ्यांदा पडला तेव्हाची गोष्ट. भुंगीला ताप होता, ती मांडीवर, माझा डावा हात तिच्या कपाळावर आणि उजवा की-बोर्डवर. कारण काही सापडलं नव्हतं. 'कारण समजलं नाही' एवढं लिहायला काय जात होतं? पण कळलं नाही असं लिहिणं जिवावर येतं. मी लिहिलं होतं, 'वापरातील चूक असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' दिसायला केवढं भारदस्त वाक्य! आत काहीच नाही. आणि साहेबांनी ते उचलून काकूंच्या गळ्यात घातलं होतं.

"काकू, पाचपर्यंत मला द्या," मी म्हटलं. "खरे नमुने अर्धा तास थांबवता येतील?"

"बाळाचं परत घ्यायचंय. त्याची आई बसलीय बाहेर."

"आत्ता नका टोचू. मी सांगेपर्यंत नका."

फोन ठेवला. दोनला पाच कमी. आतल्या खोलीच्या दारातून भुंगीचा एक तळपाय दिसत होता, चादरीबाहेर आलेला. मी लॅपटॉप ओट्यावरच उघडला आणि उभ्यानंच कामाला लागले. बसले की खुर्ची करकरते.

सर्व्हर पडता पडता एक काम चोख करतो. शेवटच्या क्षणी पोटात काय चाललं होतं ते एका फाईलमध्ये लिहून ठेवतो आणि मग डोळे मिटतो. अशा सात फायली होत्या. सहा मी आधी वाचल्या होत्या आणि दर वेळी डोक्याचा भुगा झाला होता, कारण प्रत्येक फाईल वेगळ्याच नावाकडे बोट दाखवायची. एकदा डिस्कचा ड्रायव्हर, एकदा नेटवर्कचा, एकदा पडद्याचा. ड्रायव्हर म्हणजे यंत्राचा सर्व्हरशी बोलणारा दुभाष्या, प्रत्येक जोडलेल्या वस्तूचा एकेक. मी डिस्कचा बदलून पाहिला. नेटवर्कचा बदलला. साप साप म्हणून भुई धोपटत राहिले आणि सर्व्हर पडत राहिला.

सातवी फाईल उघडली. या वेळी नाव होतं घड्याळाचं. सर्व्हरच्या साध्या आतल्या घड्याळाचं. त्या बिचाऱ्यानं आयुष्यात कुणाचं काही वाकडं केलं नसेल.

तिथे मी थांबले.

आमच्या घरी असंच होतं. दुपारी उठून भुंगी पाण्याचा पेला पुस्तकांच्या कपाटावर ठेवते. थोडं पाणी सांडतं, पेला निघून जातो. संध्याकाळी तिचे बाबा येतात, वरचं पुस्तक उचलतात आणि ओरडतात, "हे पुस्तक असं कसं फुगलं?" पुस्तकाचा काय दोष? ओलं कुणी केलं ते पुस्तक कसं सांगणार? सात फायलींमध्ये सात नावं होती ती अशी भिजलेल्या पुस्तकांची. ज्याच्या हातात शेवटी बिघाड सापडला त्याचं नाव. करणारा दुसराच होता आणि तो तास-दीड तास आधी हात झटकून निघून गेलेला होता.

अशा चोरासाठी सर्व्हरमध्ये पहारा बसवण्याची एक सोय असते. ज्या ड्रायव्हरांवर संशय आहे त्यांच्यावर तो लावायचा. मग त्यातल्या कुणी आपल्या नसलेल्या जागेला नुसतं बोट लावलं तरी सर्व्हर तिथल्या तिथे कोसळतो. पुढचा तास-दीड तास लपायला मिळत नाही. थोडक्यात, पडणाऱ्याला मुद्दाम पाडायचं. त्याच्यासाठी सर्व्हर एकदा बंद करून चालू करावा लागतो, आणि चालत्या लॅबमध्ये हे करायला साहेबांची परवानगी लागते. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, "उद्या बघू." उद्यापर्यंत पत्र गेलेलं असतं.

बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर मी पहाऱ्यात घातले. सतरा होते. काकूंना फोन केला.

"सर्व्हर बंद करून चालू करते आहे. उठला की यंत्राला रोज सकाळी तपासायला जे ठरलेलं द्रावण लावता ना, तेच लावा. माणसांचं रक्त नको. आणि एरवी करता तसंच सगळं करा. जास्त जपून वागू नका."

"जपून नको?" काकू म्हणाल्या. "तीन आठवडे सगळे मला जपून, जपून म्हणतायत. तू पहिली निघालीस."

सात मिनिटं मी ओट्याच्या कडेवरचा एक वाळलेला डाग नखानं खरवडत होते. दोन सव्वीसला सर्व्हर उठला. माझा लॅपटॉप त्याला जोडला गेला. आता वाट पाहायची. काकूंच्या वहीच्या पानांचे फोटो माझ्याकडे होते. शिफ्ट बाराला सुरू व्हायची आणि सर्व्हर पडायचा तो पाऊण ते पावणेदोन तासांनी. म्हणजे तीनच्या आत काही होणार नाही, असा हिशोब मी मांडला. पहारा असला की चोर लगेच सापडतो हे मी स्वतःच आत्ता लिहिलंय. पण घाबरलेल्या डोक्याला स्वतःचंच शहाणपण वेळेवर आठवत नाही.

दोन एकोणतीस. पडद्यावर वर्तुळ फिरायला लागलं. जोडणी तुटली.

मी वळून पाहिलं. भुंगी उठली होती. केस एका बाजूनं चपटे, गालावर उशीची रेघ, आणि ती बाहेरच्या खोलीत राउटरपुढे उकिडवी बसली होती. एक बोट राउटरच्या दिव्यांवर आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत वायर.

"भुंगे!" मी ओरडले. "हात काढ! किती वेळा सांगितलं, त्याला हात लावायचा नाही म्हणून? माझं सगळं काम घालवलंस!"

ती दचकून मागे बसली. वायर सोडली. "मी दिवे मोजत होते," ती म्हणाली. "चार आहेत."

"मोजायचे नाहीत! तिथे बस. हलायचं नाही."

ती भिंतीला टेकून बसली. मोठ्यानं रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही, फक्त खालचा ओठ बाहेर आला आणि तसाच राहिला. मी राउटरची वायर घट्ट बसवली. ती घट्टच होती. दिवे चारही हिरवे होते.

डबा खडखडला.

"पडला गं," काकू. "आत्ता, मला द्रावणसुद्धा लावायला मिळालं नाही."

मी भुंगीकडे पाहिलं. भुंगी माझ्याकडे पाहत होती. ती नव्हती. तिनं काही केलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि फोनमध्ये म्हटलं, "काकू, सगळं सांगा. सर्व्हर उठल्यापासून काय काय केलंत? श्वास घेतला असेल तर तोही सांगा."

"काही नाही गं केलं. हेच तर म्हणतेय. काही केलंच नाही."

"तीन मिनिटं नुसत्या उभ्या होतात?"

"नुसती कशी उभी राहीन? पुसून घेतलं."

"काय पुसलं?"

"टेबल. यंत्राखालचं. शिफ्टला आले की आधी पुसते, मग हात घालते. सकाळची पोरं पुसतात, पण कशी? वरवर. नवऱ्यानं घर झाडल्यासारखं."

"यंत्राखालचं पुसताना..." मी म्हटलं. "यंत्राची केबल?"

"ती काढते ना. काढल्याशिवाय खाली फडकं जाणार कसं? काढते, पुसते, परत लावते. सव्वीस वर्षं. अगं, का? त्यात काय?"

"वहीत हे का नाही लिहिलंत? वहीत तर तुम्ही यंत्राचं दार किती वेळा उघडलं तेसुद्धा लिहिलंय."

"कामं लिहिली मी," त्या म्हणाल्या. "पुसणं काय लिहायचं?"

सर्व्हर उठायची वाट पाहिली. आठवी फाईल उघडली. या वेळी नाव एकच होतं आणि ते खरं होतं: यंत्राच्या केबलीचा ड्रायव्हर. तीन आठवड्यांपूर्वी अपडेटांच्या ढिगाऱ्यातून नवा आलेला. ढिगाऱ्याची यादी मी तेव्हाच पाहिली होती. केबलीवर नजर ठरलीच नव्हती. केबल ती काय! मोठमोठे ड्रायव्हर सोडून तिच्याकडे कोण बघतं?

जुना ड्रायव्हर केबल काढली की आवराआवर करून गप्प बसायचा. या नव्याला घर सोडल्याचं कळतच नव्हतं. केबल काढली तरी तो सोडलेल्या खोलीत सामान टाकत राहायचा आणि तोवर कधीमधी त्या खोलीत दुसरं कुणी राहायला आलेलं असायचं. कधी डिस्क, कधी नेटवर्क, आज घड्याळ. मग तास-दीड तासानं तो नवा भाडेकरू आपल्याच घरात अडखळून पडायचा आणि नाव त्याचं यायचं. सकाळची, संध्याकाळची माणसं केबल काढत नव्हती, कारण ती यंत्राखाली पुसतच नव्हती.

तीन वाजत आले होते. भुंगी अजून भिंतीला टेकून होती. मी खरंच हलू नको म्हटलं होतं, आणि ती हलली नव्हती. मी तिच्याकडे जायला निघाले तेवढ्यात साहेबांचा फोन आला. सर्व्हर दोनदा बंद पडल्याचं त्यांना कळलं होतं.

"सापडलं म्हणता?"

"सापडलं साहेब. यंत्राच्या केबलीचा ड्रायव्हर सदोष आहे. केबल काढली की बिघडतो."

"केबलीलाही ड्रायव्हर असतो?"

"असतो."

"बरं. आणि केबल काढतं कोण?"

मला कळलं ते कुठे चाललेत. "काकू," मी म्हटलं.

"झालं तर मग! मी काय वेगळं म्हणत होतो?"

"साहेब, तुमच्या केबिनचं दार उघडलं की छत पडत असेल, तर तुम्ही दार उघडणाऱ्याला पत्र द्याल की गवंड्याला बोलवाल?"

"दार न उघडताही काम होतंय ना? दोन शिफ्टा होतंय."

"होतंय, कारण दोन शिफ्टा यंत्राखालचं रक्त कुणी पुसत नाही."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. "मॅडम, तुमचाच अहवाल माझ्यासमोर आहे. वाचू? 'वापरातील चूक असण्याची शक्यता...'"

"ते वाक्य माझं होतं आणि ते चूक आहे," मी म्हटलं. "तेव्हा मला कारण कळलं नव्हतं आणि कळलं नाही म्हणायची मला लाज वाटली. त्यात काकूंचा काही संबंध नाही. हे सगळं लिहून देते, माझ्या नावानं, तासाभरात. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका."

ते म्हणाले, "आधी दुरुस्त करून दाखवा."

नवा ड्रायव्हर काढला, जुना बसवला. पहारा तसाच ठेवला. काकूंना म्हटलं, "आता केबल काढा, लावा. दहा वेळा."

"दहा?"

"हवं तर प्रत्येक वेळी पुसा."

फोन चालूच होता. "एक," काकू म्हणाल्या. "दोन." त्यांच्या आवाजात आता खोडकरपणा येत होता. पाचव्यापासून मागे आणखी कुणीतरी मोजायला लागलं. दहा झाले. सर्व्हर उभा. द्रावण लावलं. निकाल आला, पोचला, नोंदला. अर्धा तास मी पडद्यावरून नजर हलवली नाही. एका हातानं अहवाल लिहीत होते. या वेळी 'नाकारता येत नाही' असलं काही नव्हतं. 'चूक माझी' अशी एक ओळ होती आणि ती टाईप करायला बाकीच्या पानापेक्षा जास्त वेळ लागला.

चारला बाळाचं रक्त घेतलं. बाळ रडलं, पण एकदाच. चार सतराला काकू म्हणाल्या, "निकाल पोचला. आई-बाळ गेले घरी." तेव्हा जिवात जीव आला.

पाचला पाच कमी असताना साहेबांचा फोन. "वाचला अहवाल. पत्र थांबवतो. त्या राहू देत यंत्रावर." मग जरा घुटमळून, "पण त्यांना म्हणावं, जरा बेतानं पुसत जा."

मी ते काकूंना सांगितलं नाही. त्यांनीच सव्वापाचला फोन केला. "साहेब आले होते. यंत्राकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, मान हलवली आणि गेले."

"काही म्हणाले?"

"मला? नाही गं." मग हसून, "टेबलावर बोट फिरवून बघितलं मात्र. धूळ शोधत होते, मिळाली नाही." मग त्या म्हणाल्या, "चुकलं असं तू तरी म्हणालीस ना. तुझा अहवाल वाचून दाखवला मला त्या नोंदणीतल्या मुलीनं. तेवढं पुरे."

फोन ठेवला तेव्हा भुंगी माझ्या पायाशी येऊन उभी होती. ओठ आत गेला होता. कधी गेला ते मी पाहिलं नव्हतं. मी खाली ओट्याला टेकून बसले, तिला मांडीत घेतलं. तिच्या डोक्याला झोपेचा आणि घामाचा वास होता.

"त्या आजीला साहेब उगीच ओरडले?" तिनं विचारलं. सगळं ऐकत बसली होती तर.

"हो. उगीच."

"आणि मला?"

"तुलाही उगीच. तू वायर नव्हती काढली. माझं चुकलं, भुंगे."

तिनं मान डोलावली, साहेबांसारखीच. माझ्या बोटांशी खेळत बसली. एक, दोन, तीन, चार, दिवे मोजल्यासारखी. मला वाटलं, संपलं. मग तिनं मान वर केली.

"आई, आजीचा फोन आला तेव्हाच तुला कळलं होतं ना, मी नाही केलं ते?"

"हो."

"तू माझ्याकडे बघितलंस पण."

"हो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"